ढोलकी दिसली पाहिजे : एका तालमीचं प्रकरण

तालमीच्या तिसऱ्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी नृत्य बसवणाऱ्या ताई म्हणाल्या, "आरशावर पडदा ओढा. रंगमंचावर आरसा नसतो." पडदा ओढला, ढोलकी सुरू झाली, नऊजणी उभ्या राहिल्या. मधल्या एका जागेवर ढोलकीवाल्या काकांना काही सुचलं आणि त्यांनी आठ मात्रांचा तुकडा वाढवला. आठजणींनी तो कानाने उचलला आणि जागेवरच पाय धरून ठेवला. नववी ठरल्याप्रमाणे गिरकी घेऊन पुढे निघून गेली. ताई "थांबा" म्हणून ओरडल्या. ढोलकी थांबली, बाकीच्या थांबल्या. ती मात्र नाचत राहिली, कारण तिची पाठ आमच्याकडे होती आणि तिला जन्मापासून ऐकू येत नाही. वळली तेव्हा तिला दिसलं की सगळे तिच्याकडे बघत उभे आहेत.

त्या निर्मितीची व्यवस्थापक मी होते. तालमींचं वेळापत्रक, सभागृहाचं भाडं, मानधन, व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप, सगळं माझ्याकडे. त्या संध्याकाळी जे घडलं त्याला बरेच दिवस आम्ही 'तिचा ताल सुटला' असं म्हणत होतो. ताल तिचा सुटलाच नव्हता. बदल ज्या वाटेने पोचत होता, ती वाट तिच्यापर्यंत जातच नव्हती. हे कळायला आम्हाला दोन महिने लागले, ते कसे लागले हे लिहिते आहे. तिच्या इच्छेवरून तिचं आणि गटाचं नाव देत नाही. मसुदा तिने वाचला आहे आणि दोन ठिकाणी मला दुरुस्त केलं आहे.

ती आली कशी

आमचा गट लहान आहे. लावणीच्या पदन्यासावर बांधलेला तासाभराचा प्रयोग बसवत होतो. ढोलकी, तुणतुणं, पेटी, सगळं समोर वाजणारं. रेकॉर्डेड संगीत नाही. तालमी लालबागमधल्या एका जुन्या सभागृहात, तासाच्या भाड्यावर. नर्तकींना प्रत्येक प्रयोगामागे नाइट, म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन, आणि तालमींसाठी प्रवासखर्चाच्या जरा वर जाणारी रक्कम. मुंबईतल्या बहुतेक लहान गटांचा व्यवहार असाच चालतो.

निवडीला तिने कथकमधला एक तुकडा केला, तीनतालातला, पाठ केलेला, काट्यावर मोजलेला. ताईंनी तिला तिथेच निवडलं. ऐकू येत नाही म्हणून निवडलं असं नाही आणि ऐकू येत नसूनही निवडलं असंही नाही; नऊजणींत तिचे पाय सगळ्यात स्वच्छ होते. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर प्रयोगाला आलेल्या अनेकांनी मला "केवढं मोठं काम करताय तुम्ही" असं म्हटलं. आम्ही एक चांगली नर्तकी निवडली होती. तिला नीट काम करता येईल अशी तालीम मात्र आमच्याकडे नव्हती.

एक शब्दाचीही गोष्ट. आमच्यातले काही तिला 'मूकबधिर' म्हणत. तिला तो शब्द आवडत नाही. ती मुकी नाही, तिची भाषा हाताची आहे. कर्णबधिर म्हणा किंवा सरळ बधिर म्हणा, असं तिने पहिल्याच दिवशी लिहून दाखवलं होतं. आम्ही वाचलं आणि विसरलो.

तालीम कानावर चालते

नृत्याची तालीम बघण्यावर चालते असं आपल्याला वाटतं. वहीत नोंद करायला बसले तेव्हा दिसलं की जवळजवळ सगळं कानावर चालतं. ताई आरशाकडे तोंड करून, म्हणजे आमच्याकडे पाठ करून, बोलत बोलत शिकवतात. "फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट" हे त्यांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या मुलींना ऐकू येतं, दिसत नाही. दुरुस्ती नाच चालू असतानाच ओरडून दिली जाते: "हात खाली", "उजवीकडे सरक". चहाच्या वेळी दोघीतिघी मिळून ठरवतात की ती एन्ट्री जरा आधी घेऊ. विंगेतून कुणीतरी कुजबुजतं. प्रयोगाच्या दिवशी तिसरी घंटा होते आणि मेकअप रूममधल्या सगळ्याजणी उठतात.

ओठ वाचता येतात ना, असं मला अनेकांनी विचारलं. तिला येतात, थोडेसे. पण प, ब आणि म ओठांवर एकसारखेच दिसतात. 'पाय', 'बाय' आणि 'माय' नुसत्या ओठांवरून वेगळे काढता येत नाहीत. त्यात बोलणारा हलत असला, अंधार असला, तोंडात पान असलं, की संपलं. शाळेत तिला श्रवणयंत्र होतं. तालमीत ती ते काढून ठेवते. रिकाम्या सभागृहात ढोलकीचा आवाज भिंतींवर आपटतो, यंत्रातून नुसता गोंगाट येतो, आणि घामाने यंत्र बिघडतं ते वेगळंच.

यातली सगळ्यात मोठी चूक माझी होती. ताई रात्री अकराला ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकायच्या, तीन-चार मिनिटांचे. त्यात दुसऱ्या दिवसाची वेळ, बदललेल्या जागा, वेशभूषेच्या सूचना, सगळं असायचं. एकदा आठची तालीम सातला घेतली. ती पावणेआठला आली, म्हणजे तिच्या हिशेबाने पंधरा मिनिटं आधी, आणि सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. कुठल्या गोष्टीसाठी, तेही तिला धड कळलं नाही. ग्रुप मी चालवत होते. तो मेसेज लिहून टाकायला मला दोन मिनिटं लागली असती.

त्याहून गंभीर गोष्ट मी उशिरा कबूल केली. मानधनाच्या करारावर तिची सही आम्ही सांकेतिक भाषेच्या दुभाष्याशिवाय घेतली होती. कागद मराठीत होता, तिला मराठी वाचता येतं, म्हणून मी निश्चिंत होते. पण बाकीच्या आठजणींनी त्या बैठकीत प्रश्न विचारले, घासाघीस केली. बाहेरगावच्या प्रयोगाला जादा रक्कम मिळेल हे त्यात तोंडी ठरलं. तिने कागदावर होतं तेवढ्यावर सही केली. महिन्याभराने ही बैठक आम्ही दुभाष्याला बोलावून पुन्हा घेतली आणि तोंडी ठरलेलं सगळं कागदावर आणलं.

तीन उपाय जे चालले नाहीत

पडद्याच्या त्या संध्याकाळनंतर आम्ही घाईघाईने उपाय केले. पहिला, तिला मागच्या ओळीत घेतलं, म्हणजे पुढच्यांकडे बघून तिला नाचता येईल. दिसायला सोपं होतं. पण बघून पाय टाकला की तो क्षणभर मागे पडतो, आणि लावणीत तेवढा क्षण पुरेसा दिसतो. शिवाय मागच्या ओळीत गेल्यावर तिचा एकटीचा भागही गेला. दुभाष्यामार्फत ती ताईंना म्हणाली, "दुसरीची नक्कल करायला मला नाइट देऊ नका." ताईंनी त्याच दिवशी तिची जागा परत दिली.

दुसरा उपाय जमिनीचा. बधिर नर्तक पायांतून ताल घेतात हे आम्ही ऐकून होतो, म्हणून एक मोठा बेसचा स्पीकर भाड्याने आणून फरशीवर ठेवला. काहीच झालं नाही. खाली मोकळी जागा ठेवून लाकडी फळ्या बसवल्या असतील तर जमीन थरथरते आणि खालचे सूर पायापर्यंत येतात. आमच्या सभागृहात स्लॅबवर मोझॅकच्या लाद्या आहेत. तिथे थरथर विरून जाते. आणि लाकूड असतं तरी अर्धंच काम झालं असतं. ढोलकीची डावी बाजू खर्जातली, तिचा घुमारा पायाला, पोटाला जाणवतो. उजवी बाजू उंच, कडक. लावणीत नर्तकीशी बोलते ती हीच उजवी बाजू, आणि तिचा आवाज जमिनीतून येत नाही. हे आम्हाला काकांनी सांगितलं, स्पीकरचं भाडं भरून झाल्यावर.

ती लालबागचीच आहे. लहानपणी विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशाच्या पुढे नाचत नाचत तिला पहिल्यांदा नाच सापडला. ढोल छातीत वाजतो, असं ती सांगते. त्यामुळे 'हिला थरथरीतून सगळं कळतं' असा आमचा समज अधिकच पक्का झाला होता.

तिसरा उपाय मनगटावर बांधायच्या, ठेका धरून थरथरणाऱ्या यंत्राचा. ते दोन दिवसांत परत केलं. यंत्राची लय घड्याळाची. काकांची लय श्वास घेते, नर्तकीचा अंदाज घेत चढते आणि उतरते. दोन्हींच्या मध्ये ती गोंधळून गेली.

याच काळात जो तो तिला चीनच्या बधिर कलाकारांच्या सहस्रहस्त नृत्याचा व्हिडिओ पाठवत होता. एका मागे एक असे एकवीस नर्तक, हजार हातांच्या देवीसारखे. २००४ साली अथेन्सच्या पॅरालिंपिकच्या समारोपात तो नाच जगाने पाहिला. लोक म्हणत, बघ, त्यांना जमतं. तिने मला तो व्हिडिओ वेगळ्या कारणासाठी दाखवला. नर्तकांना दिसतील अशा बेताने रंगमंचाच्या कोपऱ्यांत हाताने ताल देणारे शिक्षक उभे असतात. तिने मोबाइलवर टाइप केलं, "त्यांना कोपरे दिले आहेत. मला कोण दिलंय?"

काका विंगेतून बाहेर आले

उपाय तिनेच सुचवला. काकांचे हात मला दिसू द्या, बाकी मी बघते.

आमच्या रचनेत वादक उजव्या विंगेत बसत, प्रेक्षकांना न दिसणारे. ताईंना रंगमंच मोकळा हवा होता, फक्त शरीरं आणि प्रकाश. काका बाहेर आले तर पूर्ण प्रकाशयोजना, अर्ध्या एन्ट्र्या आणि दोन मोठ्या रचना बदलाव्या लागणार होत्या. ताईंनी आठवडाभर नाही म्हटलं. त्यांच्या नाही म्हणण्यात तथ्य होतं. रचना त्यांची होती आणि तिच्यामागे वर्षभराचा विचार होता. अशा वेळी कलावंताला 'तुम्ही संवेदनशील नाही' असं म्हणून गप्प करणं सोपं असतं. मी ते करायला गेले आणि त्याने काही साधलं नाही.

गाठ सुटली ती काकांच्या बोलण्यातून. सुरुवातीला तेही नाखूश होते. "मी कानासाठी वाजवतो, हात दाखवायला नाही," असं त्यांनी मला सांगितलं होतं. मग एका सुट्टीच्या दिवशी ती त्यांच्या समोर बसली आणि नुसते हात बघत त्यांनी वाजवलेलं पायांनी परत करून दाखवू लागली. तासभर हे चाललं. उजवा हात उचलला जाण्याआधी खांदा किंचित वर जातो, हे तिने त्यांना दाखवून दिलं. चाळीस वर्षं वाजवणाऱ्या माणसाला ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी काका ताईंना म्हणाले, तमाशात ढोलकीवाला बसतो कधी? कमरेला ढोलकी बांधून तो नाचणारणीच्या समोर उभा राहतो, तिच्या अंगावर जातो, ती त्याच्या. माझे गुरू तसेच वाजवायचे. आपणच त्याला विंगेत नेऊन बसवलं.

यावर ताईंकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं त्यांना ते नकोही होतं. काका कमरेला ढोलकी बांधून रंगमंचावर आले. त्यांच्या हातांवर वेगळा दिवा टाकला. नर्तकींची पाठ काकांकडे होते त्या दोन जागांसाठी तुणतुणेवाला समोरच्या कोपऱ्यात उभा केला. समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी तो तुणतुणं किंचित उचलतो. नवा तुकडा घ्यायचा तर तो ठरलेल्या दोनच जागी, आणि त्याआधी काकांनी तिच्याकडे बघायचं, असं ठरलं.

शेवटचं कलम काकांना जड गेलं. पूर्वी त्यांना वाटेल तिथे वाटेल ते करता येत असे. त्यांच्या मते प्रयोगाचं त्यात नुकसान झालं, आणि ते खरं आहे. काही जागी ढोलकी पूर्वीइतकी मोकळी राहिली नाही. सर्वांना सामावून घेताना कुणाचंच काही जात नाही असं मी सांगणार नाही. इथे काकांचं गेलं, आणि त्यांनी ते जाणूनबुजून दिलं.

पैसे

आता खर्चाचं. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांचं शिक्षण तिथे होतं. म्हणजे मुंबईत प्रशिक्षित दुभाषी मिळतात. पण दुभाष्याचं दिवसाचं मानधन आमच्या नर्तकीच्या तालमीच्या रकमेहून बरंच जास्त होतं. आणि ते रास्तच आहे, कारण हे कसबाचं काम आहे. सलग दुभाषण केलं की हात आणि डोकं दोन्ही थकतात, म्हणून लांब तालमीला वीस-तीस मिनिटांनी आळीपाळीने काम करायला दोघी लागतात. शिवाय वर्ग, रुग्णालय, कचेरी यांची सवय असलेल्या दुभाष्याला 'तोडा', 'सम', 'गिरकी' यांच्या खुणा ठाऊक नसतात. पहिली दोन सत्रं आम्ही, ती आणि दुभाषी मिळून खुणा ठरवण्यातच घालवली. त्या सत्रांत तिने आम्हा सगळ्यांना खुणेची नावं दिली. काकांचं नाव म्हणजे वर उचललेला उजवा खांदा.

अंदाजपत्रकात या खर्चाची ओळच नव्हती. प्रकाशाला होती, दागिन्यांना होती, पोस्टरला होती. मी पोस्टर आणि जाहिरातीतले पैसे वळवले, तेही कमी पडले, म्हणून दुभाषी कधी हवी ते नेमकं ठरवलं: नवी रचना शिकवण्याचे दिवस, बदलांचे दिवस, रंगीत तालीम आणि पैशांची प्रत्येक बैठक. बाकीच्या दिवशी फळा, बोटांवर मोजणी, आणि 'नाच चालू असताना ओरडायचं नाही' हा नियम. हा नियम ताईंना सगळ्यात कठीण गेला. आता त्या दिवा लावतात-विझवतात, सगळ्याजणी थांबतात, वळतात, मग त्या बोलतात.

कायदा काय म्हणतो तेही पाहिलं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत; १९९५च्या आधीच्या कायद्यात सातच होते. त्याचं २९ क्रमांकाचं कलम सांस्कृतिक जीवनाबद्दल आहे, आणि दिव्यांग कलाकारांना सोयी, आधार आणि प्रायोजकत्व देण्याची गोष्ट त्यात स्पष्ट लिहिलेली आहे. ८ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना जागा आणि सेवा सहज वापरता याव्यात यासाठीचे, किमान निकष नुसत्या मार्गदर्शनापुरते न ठेवता बंधनकारक करा, असं केंद्र सरकारला बजावलं. पण नाइटवर काम करणारी नर्तकी कुणाचीच कायम नोकर नसते. नोकरी गृहीत धरून मिळणारी संरक्षणं तिच्यापर्यंत पोचत नाहीत. तिच्या बाबतीत ते ओझं आमच्यासारख्या गटाच्या अंदाजपत्रकावर येऊन पडतं, आणि अंदाजपत्रक करताना तिचा विचार झालेला नसतो.

दिव्यांग नर्तकांचा विषय निघाला की मुंबईत सुधा चंद्रन यांचं उदाहरण हमखास निघतं. १९८१मध्ये अपघातात पाय गमावून १९८४मध्ये जयपूर फूट या कृत्रिम पायासह त्या याच शहरात पुन्हा रंगमंचावर आल्या. त्यांच्या जिद्दीबद्दल मला अपार आदर आहे. पण ही गोष्ट आपण अशी सांगतो की सगळी जबाबदारी नर्तकीच्या जिद्दीवर जाते. जयपूर फूट कुणीतरी घडवला होता, अनेक वर्षं खपून, इथल्या माणसाला मांडी घालता येईल, उकिडवं बसता येईल अशा बेताने. लंडनमध्ये १९९१ साली सेलेस्ट डँडेकर आणि अ‍ॅडम बेंजामिन यांनी कँडोको ही दिव्यांग आणि इतर नर्तकांची एकत्र व्यावसायिक संस्था सुरू केली, तेव्हा तिथेही जिद्दीबरोबर पगार होता, तालमीची व्यवस्था होती. डँडेकर स्वतः १९७३मध्ये रंगमंचावरच जायबंदी झालेल्या नर्तकी.

प्रयोग

पहिले दोन प्रयोग चांगले झाले. तिसऱ्या घंटेसाठी मेकअप रूममध्ये आम्ही एक साधा बल्ब जोडला होता, घंटेबरोबर तीनदा लागणारा. तिच्या ओळखीचे काही बधिर प्रेक्षक दुसऱ्या प्रयोगाला आले. बुकिंग फोनवर असल्यामुळे त्यांची तिकिटं तिलाच काढावी लागली. त्यानंतर आम्ही मेसेजवर बुकिंग सुरू केलं.

तिसरा प्रयोग उपनगरातल्या नाट्यगृहात होता. त्या दिवशी सकाळी काका तापाने पडले. दुपारी बारापर्यंत मी दुसरा ढोलकीवाला ठरवला आणि सगळ्यांना फोन केले. सगळ्यांना म्हणजे आठजणींना. तिला ते पाच वाजता कळलं, मेकअप रूममध्ये, अनोळखी माणसाच्या कमरेला ढोलकी बघून. बदली वादक तयारीचा होता, उभा राहून वाजवायलाही कबूल झाला, पण हात छातीजवळ धरून वाजवायचा आणि सवयीने प्रेक्षकांकडे बघायचा. खांदा हलायचा नाही. अर्ध्या तासात जे जमलं ते दोघांनी केलं. मग तिने स्वतः ठरवलं की एकटीचा भाग करायचा नाही. समूहातलं सगळं तिने मोजून केलं, एकही पाय चुकला नाही. प्रेक्षकांना काही कळलं नाही. मी तिला पूर्ण नाइट दिली, पण तिचा राग पैशांचा नव्हता.

"बारा वाजता कळलं असतं तर पाच तास मिळाले असते," तिने लिहिलं. "त्याच्या घरी जाऊन बसले असते मी."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ढोलकी रंगमंचावर आणली, दिवे बदलले, रचना बदलली, आणि घाईची वेळ आली तेव्हा माझा हात सवयीने फोनकडेच गेला. आता बदली वादकाचं नाव आधीच ठरलेलं आहे आणि त्याने तिच्याबरोबर दोन तालमी केल्या आहेत. प्रयोगाच्या दिवशीचा कुठलाही बदल आधी लिहून जातो, मग फोन. हे करारात घातलं आहे, माझ्या सहीने.

पुढच्या निर्मितीच्या तालमी गणपतीनंतर सुरू होतील. लाकडी जमिनीचं सभागृह बघून आलो आहोत; भाडं लालबागच्या जवळजवळ दुप्पट आहे. अंदाजपत्रकात दुभाष्याची ओळ या वेळी पहिल्या पानावर आहे, प्रकाशाच्या वर. त्या ओळीसमोरच्या रकमेपैकी निम्मी जमली आहे.